आईच्या अंगावर कुणाची साडी?

दूधवाल्यानं वेळेआधी दूध आणून दिलं तरी दीक्षाला संशय यायचा. आज एवढ्या लवकर? म्हणजे कालचंच असणार! भाजीवालीनं मूठभर मेथी वर घातली, की ही बाई तिथंच जुडी सोडून आत काय दडवलंय ते बघणार. नवरा तिला घरात फौजदारीणबाई म्हणायचा आणि ते काही खोटं नव्हतं. पण एक सांगतो, संशयी माणसाची नजर पक्की असते. आईच्या मयताला अख्खी वसाहत लोटली होती, सगळ्यांचे डोळे भरले होते, पण आईच्या अंगावरची साडी आईची नाही हे दिसलं ते एकट्या दीक्षाला.

ती चंदगडहून आली होती. सासर तिथलंच आणि नोकरीही तिथल्याच पंचायत समितीत. आई गेल्याचा फोन सकाळी आला. नवऱ्याला आणि लेकीला, संघप्रियाला, घेऊन ती मिळेल त्या एसटीत बसली. पण चंदगडचा पाऊस कुणाचं ऐकतो? आजऱ्याच्या अलीकडं झाड आडवं पडलेलं आणि त्याच्यामागं गाड्यांची ही रांग. कोल्हापुरात वसाहतीत पोचेपर्यंत दुपार टळून गेली. तोवर बायकांनी शेवंताबाईंना आंघोळ घालून, नेसवून सोप्यात आणून ठेवलं होतं. भंतेजी येऊन बसले होते आणि सगळे लेकीसाठी खोळंबले होते.

दीक्षानं हंबरडा फोडला आणि आईच्या अंगावर पडली. रडता रडता तिचा हात पदरावरून फिरला आणि थांबला. किनार कुठाय? तिनं डोळे पुसून नीट बघितलं. पांढरी साडी होती, स्वच्छ होती, पण सपाट. किनारीचा एक धागा नाही. आणि खांद्याजवळ, पदराच्या घडीत लपवलेलं, काळ्या दोऱ्याचं नखाएवढं रफू. म्हणजे नवीसुद्धा नाही!

आता या साडीचं काय एवढं, ते सांगायला हवं. त्या वसाहतीतल्या जुन्या बायकांची एक रीत आहे. प्रत्येकीच्या ट्रंकेत तळाला एक कोरी पांढरी साडी, निळ्या फडक्यात बांधून, कापूर घालून ठेवलेली असते. ती जिवंतपणी नेसायची नाही. आपण गेल्यावर आपल्याला काय नेसवायचं म्हणून लेकासुनांची पळापळ नको, कुणापुढं हात पसरायला नको, म्हणून आपली सोय आपणच करून ठेवायची. शेवंताबाईंची ती साडी दीक्षानं घेतलेली होती. नोकरी लागल्यावर पहिला पगार हातात पडला तशी ती तडक गांधीनगरच्या कापडबाजारात गेली आणि आईसाठी पांढरीशुभ्र साडी घेऊन आली. बोटभर निळी किनार आणि किनारीत विणलेली पिंपळपानं. आईनं साडी उलगडून बघितली, परत घडी घातली आणि निळ्या फडक्यात बांधून टाकली.

"आगं नेस की एकदा," दीक्षा म्हणाली होती.

"ही नेसून भांडी घासू व्हय? ही माझ्या शेवटच्या दिसाची."

दीक्षा तेव्हा दोन दिवस फुगून बसली होती. पहिल्या पगाराची साडी आणि ती मरणासाठी! पण पुढं तिला त्याचंच बरं वाटायला लागलं. कारण आई बाकी कधी तिची एकटीची नव्हतीच. आई सगळ्या वसाहतीची होती. निदान जाताना तरी ती आपली साडी नेसून जाईल, असं तिनं मनाशी धरलं होतं. आणि आता तेवढंही कुणीतरी काढून घेतलं होतं.

सगळ्यांच्या तोंडात "बुद्धं सरणं गच्छामि" आणि दीक्षाच्या डोक्यात एकच. साडी कुणी बदलली?

रक्षाविसर्जन झालं, पाहुणे पांगले, नवरा चंदगडला परतला. दीक्षा आणि संघप्रिया मागं राहिल्या. दुसऱ्याच दिवशी दीक्षानं आईची पत्र्याची ट्रंक उघडली. वरच्या साड्या, शाली, तिच्या आणि धाकट्या भावाच्या बाळपणीची झबली, सगळं काढून बाजूला ठेवलं. तळाला निळं फडकं होतं. नीट घडी घातलेलं आणि रिकामं.

"संघर्ष! इकडं ये," तिनं भावाला हाक मारली. "आईला न्हाऊ कुणी घातलं?"

"धोंडुमावशी नि बायडाबाई. आणि कोण घालणार?"

"आत आणि कोण होतं?"

"मला काय म्हाईत ताई, आम्ही गडीमाणसं बाहेर. दार लावलेलं."

"ट्रंक कुणी उघडली?"

"बास कर की आता," संघर्ष म्हणाला. "आई गेली आणि तू ट्रंकेचं काय घेऊन बसलीस?"

हा भाऊ पहिल्यापासून असाच. समोरून हत्ती गेला तरी म्हणेल, गेला असंल, मी कुठं बघितलं? दीक्षानं त्याचा नाद सोडला. पण दार लावलेलं हे तिच्या मनात रुतून बसलं.

कारण या लावलेल्या दाराशी तिचं जुनं वैर होतं. शेवंताबाईंनी जन्मभर काय केलं नाही? नवरा गणपती फाउंड्रीत होता, त्याच्या तुटपुंज्या पगारात सासू-सासऱ्यांचं, नणंदेच्या आईवेगळ्या पोरांचं आणि आपल्या दोघांचं केलं. सरकारी दवाखान्यात पडलेल्या परगावच्या बायांना घरनं भाकरी नेऊन दिली. भीमजयंतीला खिरीच्या कायलीपुढं उभी राहिली. महापुरात छावणीतल्या चुलीजवळनं हलली नाही. पण ह्या सगळ्याच्या वर एक काम होतं, बाईमाणसाच्या मयताला आंघोळ घालायचं. कुणाचं कुणी नसलं, कुणाच्या घरच्यांना हात लावायचं धाडस होत नसलं, कुणी अंग कुजवणाऱ्या रोगानं गेलेली असली, की निरोप शेवंताबाईंना. हातातलं टाकून ती जायची. बरोबर धोंडुबाई आणि बायडाबाई. तिघी आत जायच्या आणि दार लागायचं.

लहानग्या दीक्षाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक, की आई मधेच उठून जाते आणि आली की उंबऱ्याबाहेर उभी राहून ओरडते, "दीक्षे, पाणी तापव!" पाणी तापेपर्यंत कुणाला शिवायची नाही, जवळ घ्यायची नाही. पोरीनं विचारावं, "कुणाकडं गेलतीस?" आईनं म्हणावं, "कामाला." कसलं काम? कुणाचं? तोंड बंद. दीक्षाची त्या वयात खात्री झाली होती, की आईचं गावात दुसरं घर आहे, तिथं दुसरी पोरं आहेत आणि आई त्यांना न्हाऊमाखू घालून येते. शाळेतल्या एका पोरीनं "तुझी आई मढी धुती" असं तोंडावर मारलं तेव्हा तिला खरं काय ते कळलं. पण संशयाची सवय काही गेली नाही. आई आपल्यापासून काहीतरी लपवते हे एकदा पोराच्या मनात बसलं, की बसलंच!

ती धोंडुबाईच्या घरी गेली. दोन घरं सोडून तिसरं. धोंडुबाई अंगणात तांदूळ निवडत बसली होती. वय आईएवढंच, कंबर वाकलेली, तोंडात कायम मशेरी.

"ये की दीक्षे. च्या टाकू?"

"चहा नको. मावशी, आईच्या ट्रंकेतली साडी कुठाय? निळ्या किनारीची."

धोंडुबाईचा हात तांदळात थांबला. नुसता थांबला असता तर दीक्षानं सोडूनही दिलं असतं, पण म्हातारीनं मान खाली घातली. आता संशयी माणसापुढं मान खाली घालणं म्हणजे कबुलीच की!

"न्हाई का ट्रंकेत?" धोंडुबाई म्हणाली.

"ते तूच सांग. नेसवलीस ती साडी कुठली? रफूची?"

"पांढरीच होती की गं. स्वच्छ होती. काय उणं केलं आम्ही?"

"मी उणंदुणं विचारत न्हाई. माझी साडी कुठं गेली ते विचारतीया."

धोंडुबाई बराच वेळ तांदळातले खडे शोधत राहिली. मग म्हणाली, "त्या खोलीतलं बाहेर बोलत न्हाईत, पोरी. तुझ्या आईचाच कायदा हाय त्यो."

वा रे कायदा! दीक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोरी करायची आणि वर मेलेल्या माणसाचा कायदा दाखवायचा? ती तशीच बायडाबाईकडं गेली. बायडाबाई गुडघ्याला तेल लावत बसली होती. साडी म्हटल्याबरोबर ती गुडघ्याचंच सांगत सुटली. डॉक्टर काय म्हणाला, गोळ्या कशा लागू पडत नाहीत, जिना कसा चढवत नाही. पुन्हा विचारलं तर म्हणाली, "मला काय बाई आठवत न्हाई." नव्वदच्या सालातली लग्नं, कुठल्या वरातीत कोण रुसलं होतं, ते सगळं हिला आठवतं आणि गेल्या आठवड्यातली साडी आठवत नाही! संध्याकाळी दोघी म्हाताऱ्या विहाराच्या पायरीवर कुजबुजत बसलेल्या दीक्षानं बघितल्या. ती जवळ गेली तशा गप्प झाल्या.

त्यातच तो माणूस आला. पन्नाशीचा, शर्ट आत खोचलेला, चष्मा, हातात कापडी पिशवी. दारात उभा राहून म्हणाला, "शेवंताबाई आहेत का?"

"आई वारली," दीक्षा म्हणाली. "तुम्ही कोण?"

माणसाचा चेहराच उतरला. दाराच्या चौकटीला हात धरून तो उभा राहिला. "कधी? मला कळलंच नाही हो. मी कुरुंदवाडचा. नृसिंह जोशी. दर वर्षी येतो."

"कशाला येता?"

आता घरी आलेल्या पावण्याला असं कुणी विचारतं का? पण दीक्षानं विचारलं. पिशवीतनं कृष्णाकाठची वांगी काढून त्यानं सोप्यात ठेवली, कार्यक्रम कधी आहे तेवढं विचारलं आणि गेला. दीक्षा त्या वांग्यांकडं बघत बसली. कुरुंदवाडचा जोशी दर वर्षी आपल्या आईला वांगी आणून देतो? कशाबद्दल? आणि आई एका शब्दानं बोलली नाही? संघर्षला विचारलं तर म्हणाला, "व्हय, येतोय की त्यो मास्तर. वांगी लई झ्याक असत्यात." झालं, संपला त्याचा तपास.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे विहारातल्या कार्यक्रमाच्या, आदल्या दिवशी धोंडुबाई विहार झाडायला गेली होती. तिच्याकडनं मोठी परात आणायची म्हणून दीक्षा तिच्या घरात शिरली. सून मागं धुणं धूत होती, म्हणाली, "आत हाय बघा, घ्या." परात खाटेखाली होती आणि परातीशेजारी धोंडुबाईची ट्रंक. कडी नुसती अडकवलेली.

आता दुसऱ्याची ट्रंक उघडणं चांगलं नव्हे, हे दीक्षालाही कळत होतं. तरी तिनं कडी काढली. तळापर्यंत हात घातला. तळाचं निळं फडकं हाताला लागलं. सापडली! तिनं फडकं ओढून काढलं. आत कापराची वडी होती, एक काळ्या दोऱ्याचं रीळ होतं आणि साडी नव्हती. ना निळ्या किनारीची, ना धोंडुबाईची स्वतःची.

परात घेऊन घरी येईपर्यंत दीक्षानं सगळं जुळवून टाकलं. धोंडुबाईची स्वतःची साडी कधीच कुठंतरी गेली असणार, फाटली असेल, सुनेनं पळवली असेल. आईची कोरी दिसली, तशी तिनं ती लांबवली आणि कुठंतरी लपवून ठेवली, स्वतःच्या मरणासाठी! आणि आईला कुठलं तरी जुनेर गुंडाळलं. जन्मभराच्या मैत्रिणीला! दीक्षाला रडू आलं आणि रडता रडताच तिनं ठरवून टाकलं, की उद्या चार माणसांत विचारायचंच. मग कायदा कसा दाखवते बघू.

दुसऱ्या दिवशी विहार गच्च भरला होता. वंदना झाली, परित्राणपाठ झाला आणि मग भाषणं सुरू झाली. कोल्हापुरात माईक हातात आल्यावर सोडायचं कुणाला ठाऊक आहे? एका पुढाऱ्यानं शेवंताबाईंना त्यागाची मूर्ती म्हटलं आणि बाकी सगळा वेळ वसाहतीतल्या गटारीचं काम आपण कसं मंजूर करून आणलं ते सांगितलं. महिला मंडळाची अध्यक्षीण खरंच मनापासून बोलली. मग कुणीतरी धोंडुबाईला हाक मारली, पण ती पार मागं चपलांच्या ढिगाजवळ बसली होती, तिनं हातानंच नको म्हटलं. बघा, दीक्षानं मनात म्हटलं, बोलायचं तोंड कुठाय?

मग माईक तिच्या हातात आला.

"माझ्या आईनं वसाहतीतल्या किती बायकांना शेवटची आंघोळ घातली असंल, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक," दीक्षा म्हणाली. "कुणाचं उघडं पडू दिलं न्हाई. आणि ती गेली तेव्हा तिला नेसवलेली साडी तिची नव्हती. रफू केलेली होती. मी तिला घेतलेली कोरी साडी ट्रंकेत न्हाई. माझ्या आईला न्हाऊ घालायला ज्या आत होत्या त्यांनी सांगावं. कुठं गेली ती साडी?"

विहारात एकदम गलका उठला. "आगं काय बोलतीस!" "कुणाचं नाव घेतीस?" संघर्ष उठून माईक काढून घ्यायला आला, तिनं दिला नाही. सगळ्या माना चपलांकडं वळल्या. बायडाबाई रडायला लागली. धोंडुबाई मात्र बसल्या जागी बसून राहिली. तिच्या ओठांची नुसती हालचाल झाली, आणि तिनं पदर तोंडाला लावला. पण हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

"बोल की मावशी! का गप्प?" दीक्षा ओरडली.

तेव्हा खांबाजवळ बसलेला तो कुरुंदवाडचा मास्तर उठून उभा राहिला.

"ताई, ती साडी माझ्या आईच्या अंगावर गेली," तो म्हणाला.

कुणाला काही कळेना. मास्तरनं चष्मा काढून पुसला.

"महापुराच्या साली आईला दवाखान्यासाठी कोल्हापुरात आणलं होतं. पाण्यानं इथंच गाठलं. भाड्याची खोली बुडाली, शाळेतल्या छावणीत आलो. तिथं आई गेली. गावाचा रस्ता बंद, भाऊबंद पाण्यापलीकडं. तिच्या अंगावर होतं ते चिंब आणि चिखलाचं. एक दुकान उघडं नव्हतं. मी पुरुषमाणूस, मी काय करणार? नुसता भिंतीला टेकून बसलो होतो. शेवंताबाई तिथं भाकऱ्या करत होत्या. हात धुऊन आल्या आणि म्हणाल्या, मास्तर, तुम्ही बाहेर बसा." त्यानं चष्मा परत घातला. "खोटं बोलत नाही. माझ्या आईनं हयातीत ह्या बाईंच्या हातचं पाणी घेतलं नसतं. माझ्यासमोर घेतलं नव्हतं, आदल्याच दिवशी. ते शेवंताबाईंनी बघितलं होतं. तरी आल्या. आधी घरी जाऊन साडी आणली. निळी किनार, पिंपळाची पानं. किनारीवरनं हात फिरवत मला काय म्हणाल्या सांगू? म्हणाल्या, मास्तर, जुनेर न्हाई हां. कोरी हाय. माझ्या लेकीनं पहिल्या पगारात घेतलेली. तुमची आई थाटात जाईल."

दीक्षाच्या हातातला माईक खाली आला.

"कुणाला सांगू नका म्हणाल्या होत्या. कुणाकडं कापड नव्हतं हे बाहेर बोलायचं नाही, असा त्यांचा नियम. मी आजवर पाळला. पण आई माझी आहे, तेव्हा सांगायचा हक्क माझा. त्या दिवशी पाणी ओतायला ह्या बाई होत्या." त्यानं धोंडुबाईकडं हात केला. "त्यांच्यावर आळ येतोय आणि मी वांगी ठेवून गप्प बसलो, तर मी माणूस कसला?"

तो खाली बसला.

मग आईच्या अंगावर कुणाची साडी? दीक्षाच्या डोक्यात तो प्रश्न तसाच उभा राहिला आणि त्याचं उत्तर तिला कुणी सांगावं लागलं नाही. धोंडुबाईच्या ट्रंकेतलं ते निळं फडकं तिनं आपल्या हातानं उलगडलं होतं. कापराची वडी होती, रीळ होतं आणि साडी नव्हती. खांद्याजवळचं ते रफू काळ्या दोऱ्याचं होतं. धुतल्या तांदळासारख्या पांढऱ्या साडीला म्हातारीनं दिसेल त्या दोऱ्यानं रफू केलं होतं आणि ते दिसू नये म्हणून घडीत लपवलं होतं. धोंडुबाईनं आपल्या मरणाची साडी आईला नेसवली होती! आणि जिला आपण चोर ठरवलं, तिचीच ट्रंक आपण चोरासारखी उघडली होती.

ती माईक ठेवून माणसांतनं वाट काढत मागं गेली आणि चपलांत जाऊन धोंडुबाईच्या पायाशी बसली.

"ऊठ, चपलात बसू नगंस," धोंडुबाई म्हणाली. "चांगली साडी हाय तुझी."

"मावशी, का सांगितलं न्हाईस गं? मी एवढं बोलले, भर सभेत बोलले."

"काय सांगू? शेवंताकडं नेसवायला साडी नव्हती, हे तिच्याच लेकीला सांगू?" धोंडुबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी तिला कैकदा म्हटलं, दुसरी घे. न्हाई म्हणायची. लेकीनं घेतलेली गेली, आता तिच्या जागी दुसरी ठेववत न्हाई म्हणायची. मग मीच म्हटलं, माझी हाय की. आधी जाईल तिची. आता ती पुढं गेली, मी काय करू?"

दीक्षा त्या म्हातारीच्या मांडीत तोंड खुपसून रडली. मयताच्या दिवशी रडली होती त्यापेक्षा जास्त रडली. कारण त्या दिवशी तिच्या रडण्यात संशय होता आणि आज नुसतं रडू होतं. आईनं किनारीवरून हात फिरवला होता. परक्या माणसाला सांगितलं होतं, माझ्या लेकीनं घेतली. दीक्षाला तेवढंच पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं.

दोन दिवसांनी ती गांधीनगरला गेली आणि साडी घेऊन आली. तशीच निळी किनार, पिंपळपानं मात्र मिळाली नाहीत. धोंडुबाईनं साडी उलटीपालटी करून बघितली, सुताचा वास घेतला आणि म्हणाली, "एकच आणलीस व्हय? लागली कुणाला तर?" आणि ती निळ्या फडक्यात बांधायला लागली. दीक्षाला हसू आलं. तेवढ्यात बायडाबाई लंगडत लंगडत दारात आली. पलीकडच्या गल्लीत भाड्यानं राहणारी एक बाई गेली होती. बरोबर फक्त म्हातारा नवरा, तोही परमुलखातला.

"माझा गुडघा काय वाकत न्हाई," बायडाबाई म्हणाली. "आणि दोघींनी उचलायचं न्हाई आता. शेवंता असती तर गोष्ट येगळी."

धोंडुबाईनं ती नवी साडी काखेत मारली आणि चपला पायात सरकवल्या. दीक्षाकडं बघितलंही नाही. दीक्षाच उठली.

दार लागलं. आत काय झालं ते मला विचारू नका, मीही सांगणार नाही. बाहेर उभ्या असलेल्यांना कोमट पाण्याचा आवाज ऐकू आला आणि धोंडुबाईचा, "बाई, हात धरते हं. आता पाठ धुते." मग थोड्या वेळानं दुसरा, कापरा आवाज आला, "बाई, मी दीक्षा. शेवंताबाईंची लेक. पाय धरते हं."

घरी आली तेव्हा ऊन कलत होतं. उंबऱ्यावर मोबाईल घेऊन बसलेली संघप्रिया धावत पुढं आली, तशी दीक्षा दोन पावलं मागं सरकली.

"शिवू नको."

"का? कुठं गेलतीस गं? मामा विचारतोय, मी विचारतीया, कुणाला पत्ता न्हाई."

"कामाला."

"कसलं काम? कुणाकडं?"

दीक्षानं तोंड उघडलं. सगळं ओठांवर होतं, त्या बाईचं नाव, तिच्या म्हाताऱ्याचं रडणं, निळ्या किनारीची साडी पुन्हा कुठं गेली ते. तिनं तोंड मिटलं. पोरगी मान वाकडी करून, डोळे बारीक करून तिच्याकडं बघत होती. अगदी फौजदारासारखी. दीक्षाला ती नजर चांगली ओळखीची होती.

"पाणी तापव," ती म्हणाली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली.